पीपी ते ओटीपी : शहर, काम आणि दहा आकडी पत्ता

१९९२ साली माझ्या थोरल्या बहिणीची लग्नपत्रिका छापायला दिली, तेव्हा पत्त्याखाली दूरध्वनी क्रमांक असलाच पाहिजे असा वडिलांचा आग्रह होता. आमच्याकडे फोन नव्हता. चाळीच्या तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराकडे होता. वडिलांनी त्याला विचारले, त्याने मान डोलावली, आणि पत्रिकेवर त्याचा क्रमांक छापून पुढे दोन अक्षरे आली : पीपी. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना या अक्षरांचा अर्थ सांगायला नको. फोन आमचा नाही, पण निरोप पोचेल, एवढे त्यात अभिप्रेत असे. फोन आला की दुकानातला पोऱ्या जिन्याखालून हाक मारायचा, कुणाचा फोन आहे हे तिन्ही मजल्यांना कळायचे आणि बोलणे गिऱ्हाइकांसमोर व्हायचे. खासगीपणा असा नव्हताच. पण त्या दुकानदाराने कधी निरोप दाबून ठेवल्याचेही मला आठवत नाही.

बत्तीस वर्षांनी, २०२४ च्या पावसाळ्यानंतर, ठाण्यात माझ्या घराजवळच्या मजूर नाक्यावर मी एका बाईंचा सरकारी योजनेचा अर्ज भरून देत होतो. नाव, वय, गाव, आधार क्रमांक झाले. ‘मोबाइल क्रमांक?’ असे विचारल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक दुमडलेला कागद काढला.

‘पोराचा हाय. लिवा.’

पोरगा भिवंडीच्या गोदामात कामाला. पाळी सुरू झाली की फोन कपाटात ठेवावा लागतो, रात्री दहाला सुटल्यावर हातात येतो. अर्ज पुढे सरकायला त्या क्रमांकावर येणारा ओटीपी हवा होता, आणि तो काही मिनिटांतच शिळा होणारा. बाई म्हणाल्या, ‘रात्री सांगतो म्हनला तर चालंल का?’ चालणार नव्हते. अर्ज त्या दिवशी तिथेच थांबला. देशातल्या मोबाइल जोडण्या शंभर कोटींच्या पुढे गेल्या, तरी पीपी संपलेला नाही, हे मला त्या नाक्यावर कळले.

मी तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर दीड वर्ष आठवड्यातून दोन सकाळी या नाक्यावर जातो, अर्ज भरून देतो, आणि गप्पा मारतो. पुढे जे लिहीत आहे ते सर्वेक्षण नव्हे. नमुना निवडून, प्रश्नावली घेऊन मी गेलेलो नाही. पण एक प्रश्न मनाशी धरून ऐकत होतो. मोबाइलबद्दलची आपली मध्यमवर्गीय चर्चा मुलांचा अभ्यास, रात्रीची झोप आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता यांभोवती फिरते. ती चर्चा खोटी नाही. पण शहरातल्या निम्म्याअधिक लोकांसाठी मोबाइल ही आधी करमणुकीची वस्तू नसून कामाचा पत्ता आहे. ज्यांना धड पत्ता नव्हता, त्यांना मिळालेला हा पहिला पत्ता. त्याने त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, हा या लेखाचा विषय.

पत्ता मिळाला तो काळ

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारनेच नोंदवले होते की, देशात शंभर माणसांमागे एकही फोन नाही, प्रमाण ०.८ इतके आहे. मुंबईची स्थिती देशापेक्षा बरी, तरी घरच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबण्याचा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे. अर्ज करताना बाळ पाळण्यात आणि फोन आला तेव्हा शाळेत, असे विनोद तेव्हा विनोद वाटत नसत. अशात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून बोलणे केले, आणि देशात मोबाइल आला.

आला तो मोठ्यांच्या खिशात. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर आणि फोन येणाऱ्यालाही पैसे. मुंबईत ९८२० किंवा ९८२१ ने सुरू होणारा क्रमांक ही पुढेही बरीच वर्षे जुन्या श्रीमंतीची खूण राहिली. सामान्य माणूस पानपट्टीवरच्या रुपयाच्या नाण्याच्या डब्यापुढे आणि एसटीडी-पीसीओच्या काचेच्या खोलीबाहेर रांगेत उभा होता. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, म्हणून गावाकडे फोन करायला लोक जेवून, मुले झोपवून जात.

हे चित्र पालटले ते दोन निर्णयांनी. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांकडून ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे दर उतरवून गिऱ्हाईक वाढवणे कंपन्यांना परवडू लागले. आणि २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला दुसरा बदल अधिक महत्त्वाचा वाटतो. फोन करायला पैसे लागतील, पण फोन यायला लागणार नाहीत, म्हणजे ज्याच्याकडे काम मागायला येणाऱ्याची वाट पाहण्यापलीकडे काही नाही, त्यालाही फोन ठेवणे परवडले. मिस्ड कॉल ही खास आपल्याकडची भाषा त्यातूनच जन्मली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, सतत वाजली तर उचल. एक पैसा न देता निरोप पोचवण्याची ही युक्ती कोणत्याही कंपनीने शिकवलेली नव्हती.

नाक्यावरचा एक रंगारी सांगतो, त्याने पहिला फोन घेतला तेव्हा तो कळव्याला एका खोलीत सातजणांबरोबर राहत होता. खोली दर अकरा महिन्यांनी बदलायची. रेशनकार्ड गावाला, मतदार यादीत नाव गावाला. ‘मला कुणी पत्ता विचारला तर सांगायला काय नव्हतं. मग नंबर सांगायला लागलो.’ भिंतीला रंग देऊन झाल्यावर जिन्याच्या कोपऱ्यात तो आपला क्रमांक खडूने लिहून येई. सोसायटीचे वॉचमन पुसत. तरी वर्षातून दोन-तीन कामे त्या खडूवर मिळत.

नाक्यावरचा भाव

मजूर नाका म्हणजे काय, हे मुंबई-ठाण्याच्या वाचकाला माहीत असते, पण जाता-येता पाहण्यापुरतेच. सकाळी सात ते दहा चौकात माणसे उभी असतात. गवंडी, बिगारी, सुतार, रंगारी, फरशी बसवणारे. मराठवाडा-विदर्भातून आलेली कुटुंबे, उत्तरेकडून आलेले तरुण. ठेकेदार किंवा मुकादम येतो, बोली होते, माणसे टेम्पोत चढतात. दहानंतर उरलेला माणूस तो दिवस गमावतो.

अर्थशास्त्रात मोबाइलच्या फायद्याचे एक उदाहरण फार प्रसिद्ध आहे. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आल्यावर तारलीच्या बाजाराचे काय झाले, ते तपासले. त्यापूर्वी कोळी आपल्या नेहमीच्या बंदरावर मासळी उतरवायचे. तिथे गिऱ्हाईक नसेल तर मासळी फेकून द्यावी लागे, आणि त्याच वेळी काही मैलांवरच्या बंदरावर मासळी मिळत नसे. फोन आल्यावर समुद्रातूनच भाव विचारून कुठे जायचे ते ठरू लागले. नासाडी जवळजवळ थांबली, बंदराबंदरांतल्या भावांमधली तफावत मिटली, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यासाठी भाव ४ टक्क्यांनी उतरला. दोन्ही बाजूंचे भले झाले. हा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात मी तो अनेक वर्षे शिकवला, आणि मनात असे गृहीत धरून बसलो की, श्रमाच्या बाजारातही हेच घडले असणार.

नाक्यावर काही अंशी ते घडले आहेच. ज्याचे हात चांगले, त्याला आता चौकात उभे राहावे लागत नाही. मुकादम आदल्या रात्री फोन करतो, ‘उद्या घोडबंदरला ये, चार दिवसांचं काम आहे.’ सकाळचे तीन तास वाचतात, रिकाम्या दिवसांची संख्या घटते. गवंडी आणि फरशीवाले यांना विचारले तर फोनच्या आधीचे दिवस परत नकोत, असे ते एकमुखाने सांगतात.

पण केरळचे गणित इथे अर्धेच लागू पडते, हे समजायला मला काही महिने लागले. कोळ्याला फोनआधी भाव माहीत नव्हता. फोनने तो कळला. नाक्यावरच्या मजुराला मात्र फोनआधीही भाव माहीत होता, कारण भाव उघड्यावर ठरत होता. मुकादमाने बिगाऱ्याला किती सांगितले, हे शेजारच्या दहाजणांना ऐकू यायचे. कुणी फार खाली उतरला तर बाकीचे त्याला आवाज द्यायचे. लिहिलेला करार नव्हता, संघटना नव्हती, पण त्या दिवसाचा एक किमान भाव नाक्यावर आपोआप ठरायचा. आता तो भाव फोनवर, एकेकट्याशी ठरतो. मुकादमाला वीसजणांचे भाव माहीत असतात आणि प्रत्येक मजुराला फक्त स्वतःचा. एका गवंड्याने मला सांगितले की, एकाच इमारतीवर, एकाच कामावर तो आणि त्याचा चुलतभाऊ वेगवेगळ्या हजेरीवर काम करत होते आणि हे त्यांना आठवड्याने, डबा खाताना कळले. म्हणजे ज्या फोनने केरळच्या बाजारातला अंधार दूर केला, त्याच फोनने नाक्यावरचा उजेड थोडा कमी केला. यंत्र तेच होते. आधी माहिती कुणाकडे होती, यावर परिणाम ठरला.

दुसरा बदल चौकात उभे राहिले की डोळ्यांना दिसतो. नाक्यावर आता उभा राहतो तो ज्याला कुणी फोन करत नाही तो. नवखा, म्हातारा, आणि बाया. बायांचे प्रमाण वाढले आहे, असे नाक्यावरचे जुने लोक सांगतात. कारण विचारल्यावर एकीने दिलेले उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे : ‘मुकादम नवऱ्याला फोन करतो. नवरा म्हनला तर जोडीनं जातो. नवरा गावाला गेला की माझं काम बी गावाला गेलं.’

ज्यांना मुकादमही नको असतो, त्यांच्यासाठी फोन हाच मुकादम झाला आहे. जेवण पोचवणारी, टॅक्सी चालवणारी तरुण मुले याच नाक्यावर चहा पितात. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. या मुलांचा भाव तर दोन माणसांतही ठरत नाही. तो पडद्यावर येतो आणि कुणाला किती आला हे शेजारच्याला दिसत नाही. मुकादमाशी भांडता येते, त्याच्या घरी जाता येते. फोनमधल्या मुकादमाचे घर कुठे, हे कुणालाच माहीत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या प्रथमच आली आणि २०२३ मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, ही सुरुवात आहे. भाव उघड व्हावा, हा प्रश्न अजून बाजूलाच आहे.

मावशींचा फोन

घरकाम करणाऱ्या बायकांची गोष्ट थोडी वेगळी. आमच्याकडे बावीस वर्षे काम करणाऱ्या मावशींना फोनचा फायदा काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘रजा.’ आधी आजारी पडले तर शेजारच्या मुलीला निरोप घेऊन पाठवावे लागे. निरोप पोचला नाही तर पगार कापला जाई आणि वर बोलणी. आता सकाळी फोन केला की झाले. दुसरा फायदा म्हणजे नवे काम. एका बाईने दुसरीला क्रमांक दिला की महिन्याभरात दोन घरे वाढतात. मुलगी शाळेतून घरी पोचली की नाही, हे दुपारी चौथ्या घरी भांडी घासतानाही कळते. हा शेवटचा फायदा पैशात मोजता येत नाही, पण मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. आई कामावर असताना मुलांचे काय, या प्रश्नापायी कित्येक बायकांनी कामे सोडली आहेत.

तोटा काय, असे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आता नाही म्हणता येत नाही हो, दादा.’ रविवारी दुपारी फोन येतो, पाहुणे आलेत, तासभर येऊन जा. पूर्वी मावशी घरी असायच्या आणि घर दोन मैलांवर असायचे, एवढे अंतर त्यांच्या सुट्टीची राखण करायचे. ते अंतर फोनने पुसले. अशा रविवारच्या फोनांत आमचाही फोन होता, हे लिहिणे मला भाग आहे.

मोठ्या सोसायट्यांच्या दारावर आता फोनवरच्या ॲपमधून येणी-जाणी नोंदली जातात. मावशी किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, कोणत्या घरांत काम करतात, हे रहिवाशांना घरबसल्या दिसते. काही ठिकाणी त्यांच्या कामाला तारेही दिले जातात. रहिवाशांना मात्र तारे देण्याची सोय मावशींकडे नाही. कोणत्या घरी पगार वेळेवर मिळतो आणि कोणत्या घरी शिळे वाढतात, ही माहिती अजून लोकलच्या डब्यातच फिरते. एका अर्थी तोच त्यांचा नाका.

पैसे आले, पण कुणाकडे?

२०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटरनेट स्वस्त झाले आणि ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या. या तीन घटनांनी मिळून भाजीच्या हातगाडीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांनी २००० कोटींची संख्या ओलांडली. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, दिवसाच्या गल्ल्यातल्या चोऱ्या कमी झाल्या, आणि ज्याच्याकडे कसलाच कागद नव्हता त्याच्या कमाईचा कागद तयार होऊ लागला. मासे विकणाऱ्या एकीने मला अभिमानाने बँकेचा उतारा दाखवला. तो दाखवून तिने बर्फपेटीसाठी कर्ज मिळवले होते. पूर्वी हेच कर्ज ती महिना शेकडा पाच रुपये व्याजाने घ्यायची.

पण नाक्याशेजारी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या आजींची गोष्ट निराळी. त्यांच्या टोपलीशेजारी छोटे बोलणारे यंत्र आहे. ‘तीस रुपये प्राप्त झाले’ असे ते ओरडते. आजी समाधानाने मान हलवतात. खाते मात्र मुलाचे. आजींकडे साधा फोन आहे, त्यात यूपीआय नाही. यंत्र मुलाच्या क्रमांकाशी जोडलेले. दिवसभर पैसे आल्याची घोषणा ऐकायची आणि संध्याकाळी मुलाकडे शंभर रुपये मागायचे, असा त्यांचा व्यवहार. ‘देतो की तो. न्हाई म्हनत न्हाई,’ असे त्या लगेच म्हणाल्या. मी काही बोललो नव्हतो.

आपल्या घरांत बायकांच्या पैशाची एक जुनी व्यवस्था होती : तांदळाचा डबा, देव्हाऱ्याखालचा कागद, लुगड्याची घडी. ही लपवालपवी नव्हती, विमा होता. मुलीचे बाळंतपण, माहेरचे आजारपण, नवऱ्याची सुटलेली नोकरी यांना तो उपयोगी पडे. रोख रक्कम हातातून जात होती म्हणून त्यातली चिमूट बाजूला काढता येत होती. पैसा हातातून न जाता थेट खात्यात जाऊ लागला, तेव्हा खाते कुणाचे हा प्रश्न घरातल्या सत्तेचा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे देशातले प्रमाण ५४ टक्के होते. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत ते ४६ टक्के होते. वाढ झाली, हे खरे. राहिलेल्या स्त्रियांचा पत्ता अजून पीपी आहे, हेही तितकेच खरे. १९९२ च्या आमच्या पीपीत आणि या पीपीत एक फरक मात्र आहे. किराणा दुकानदार फक्त निरोप देत होता. आज ज्याचा फोन, त्याच्याकडे निरोपाबरोबर पैसा, अर्ज आणि सहीही जाते, कारण ओटीपी ही आता सहीच आहे.

नव्वद दिवस

आता या पत्त्याच्या मालकीविषयी. दहा आकडे आपले आहेत असे आपल्याला वाटते. २०११ च्या जानेवारीपासून देशभर कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येऊ लागला, तेव्हा हा समज पक्का झाला. खरे तर आपण त्या क्रमांकाचे भाडेकरू आहोत. २००५ च्या सुमारास आजन्म येणारे फोन मोफत, अशी जाहिरात करून योजना विकल्या गेल्या होत्या. २०१८ च्या अखेरीपासून दर महिन्याच्या किमान रिचार्जची पद्धत आली आणि तो आजन्म शब्द विरला. आज खासगी कंपन्यांचा महिन्याभराचा सर्वांत स्वस्त रिचार्जही दोनशे रुपयांच्या आसपास जातो. चौघांच्या घरात चार फोन असतील तर ती रक्कम महिन्याच्या गॅस सिलिंडरशी बरोबरी करते. आणि भाडे थकले तर? बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्याचा अर्थ, त्यानंतर तो देता येतो.

नाक्यावरच्या एका बिगाऱ्याच्या आईला गावी अर्धांगवायू झाला. तो शेतावर राहिला. तिथे रेंज नव्हती, हाती पैसा नव्हता, रिचार्ज कशाला करायचा म्हणून केला नाही. आई गेली, दिवस झाले, शेताची कामे उरकली आणि सहा-सात महिन्यांनी तो ठाण्याला परतला. नवे कार्ड घालून त्याने आपला जुना क्रमांक लावून पाहिला, तर पलीकडून एक मुलगी हिंदीत बोलली. क्रमांक तिचा झाला होता. मुकादमांकडे त्याचा जुना क्रमांक, बँकेत जुना, आधारला जुना, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी होती तिथेही जुना. बँकेने आधी आधारचा क्रमांक बदलून आणा म्हटले. आधार केंद्रावर तीन दिवस रांग; एक रांग म्हणजे एक खाडा. खात्यातले अकरा हजार रुपये हाती यायला सव्वा महिना लागला. या काळात तो पुन्हा नाक्यावर उभा राहू लागला, बारा वर्षांपूर्वी उभा राहायचा तसा. ‘मी तोच आहे, हे पटवायला नंबर लागतो आन् नंबर द्यायला मी तोच आहे हे पटवायला लागतं,’ असे तो हसत म्हणाला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वाक्य चालले असते.

गंमत अशी, की याच माणसाच्या आयुष्यात ९० चा आकडा आणखी एकदा येतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा लाभार्थी व्हायचे, तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. ज्याला वर्षात ९० दिवस काम मिळेल याची खात्री नाही, त्याचाच पत्ता ९० दिवसांच्या बेतावर टांगलेला. दोन्ही नियम करणाऱ्यांची खाती वेगळी, हेतू वेगळे, आणि कुणाचाही हेतू वाईट नाही. पण दोन्ही नियम एकाच माणसावर येऊन पडतात, हे पाहण्याचे काम कुणाचेच नाही.

मग काय करावे?

मोबाइल नको, असे म्हणणारा माणूस मला या दीड वर्षात नाक्यावर भेटला नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरी जायच्या गाड्यांची नोंदणी, गावाकडून आलेली खुशाली, कुठे जेवण वाटले जाते त्याची खबर, हे सारे फोनवर आले. तेव्हा फोन नसता तर काय झाले असते, या प्रश्नावर लोक अजून अंगावर काटा आल्यासारखे गप्प होतात. म्हणून सुटका फोनपासून नको आहे. फोन हा पत्ता झाला असेल, तर पत्त्याला जे संरक्षण असते ते त्याला हवे.

मला सुचणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. ज्या क्रमांकाशी बँक खाते आणि आधार जोडलेले आहे, तो रिचार्ज संपला म्हणून काही महिन्यांत दुसऱ्याला देऊ नये. निदान वर्षभर तो राखून ठेवावा, आणि तेवढा काळ त्यावर ओटीपी येण्याची सोय असावी. ज्यांच्याकडे स्वतःचा क्रमांक नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक सरकारी अर्जाला प्रत्यक्ष येऊन अंगठा देण्याची वाट उघडी असावी, आणि ती रविवारीही उघडी असावी, कारण नाक्यावरच्या माणसाची सुट्टी तीच. बोलणारे यंत्र देताना टोपलीमागे बसलेल्या बाईच्या नावाने खाते आहे का, एवढे विचारावे. आणि नाक्यावर एक फळा असावा. त्यावर रोज सकाळी त्या दिवसाची हजेरी लिहावी : गवंडी इतके, बिगारी इतके, रंगारी इतके. फोनवर मुकादमाशी एकेकट्याने बोलणाऱ्यालाही त्या फळ्याचा फोटो पाहता येईल. जो उजेड फोनने कमी केला, तो फोननेच परत आणता येईल.

फळ्याचा प्रयोग आम्ही या दिवाळीआधी तीन आठवडे करून पाहिला. चहावाल्याने टपरीची बाजू दिली. पहिल्या आठवड्यात कुणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या आठवड्यात एका मुकादमाने तो पुसला. तिसऱ्या आठवड्यात पुसल्यावर कुणीतरी तो पुन्हा लिहिला. अक्षर माझे नव्हते, बिगारीतली वेलांटी ऱ्हस्व होती आणि आकडा मी लिहिला होता त्यापेक्षा पन्नास रुपयांनी जास्त होता.

भिवंडीच्या पोराच्या आईचा अर्ज अखेर भरला गेला. एका रविवारी तो स्वतः नाक्यावर आला, फोन आईच्या हातात दिला आणि तिनेच सहा आकडे एकेक करून मला वाचून दाखवले. मग तिने विचारले, ‘ह्यो नंबर कायमचा का?’ नाही, म्हटले, दर वेळी नवा येतो. तिने फोन पोराला परत दिला. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःसाठी एक साधा फोन घेतला आहे. क्रमांक पाठ व्हायचाय, म्हणून तो सध्या एका कागदावर लिहून त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आहे.